घरची का पाहुणी?

प्लेट खिडकीच्या उजेडात धरायची, चष्मा कपाळावर सरकवायचा, मान किंचित वाकडी करायची आणि दारात उभ्या असलेल्या अनोळखी बाईला विचारावं तसं त्या प्लेटलाच विचारायचं, "काहून वं, घरची का पाहुणी?"

आमच्या बाईंची सकाळ अशी सुरू व्हायची. नव्या माणसाला वाटायचं, काचेच्या बशीशी बोलते म्हणजे ही बाई डोक्यानं जरा सैल असणार. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं खूळ आधी हसू आणतं आणि काही वर्षांनी आपणच ते खूळ उचलल्याचं ध्यानात येतं.

बाई नागपूरच्या एका मोठ्या इस्पितळातल्या जंतुशास्त्र प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर. रोग्यांचा पू, रक्त, सांध्यातलं पाणी आमच्याकडे यायचं. आम्ही ते झाकणाच्या काचेच्या बशीत, थिजवलेल्या लाल थरावर पसरायचो आणि ऊबदार पेटीत ठेवायचो. दुसऱ्या दिवशी त्यावर राईच्या दाण्याएवढे ठिपके उगवायचे. त्यातले काही रोग करणाऱ्या जंतूंचे. काही मात्र नुसते वाटेत चढलेले, रोग्याच्या कातडीवरचे, नर्सच्या बोटांवरचे, हवेतले, कधी आमच्याच हातांवरचे. पहिले घरचे, दुसरे पाहुणे. सगळ्या तपासणीचं सार बाईंनी या दोन शब्दांत बसवलं होतं. पाहुण्याला घरचा समजलं तर रोग्याला उगीच इंजेक्शनं. घरच्याला पाहुणा समजलं तर रोगी हातचा जायचा.

सोनेरी ठिपके दिसले की बाई गंभीर व्हायच्या. पांढरे दिसले की हात झटकायच्या. हे पांढरे जंतू तुमच्याआमच्या सगळ्यांच्या कातडीवर असतात, कुणाचं काही बिघडवत नाहीत. "पाहुणी," बाई म्हणायच्या. "चहा पाजा अन् वाटेला लावा."

बाई या जंतूला नुसतं 'पांढरी' म्हणायच्या. या पांढरीनंच पुढे त्यांची झोप उडवली. पण त्याआधी बाई कशा होत्या ते सांगते.

मी उमरेडची. आमच्या घरात हातमाग. बापाच्या मागाचा खटखटाट ऐकत मी शाळेचा अभ्यास केला आणि घरातली पहिली पदवीधर झाले. बी.एस्सी. होऊन प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागले, तेव्हा आईनं विचारलं, "तुले कशाची नोकरी लागली वं?"

"जंतू वाढवायची, आई."

आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "बाप्पा! लोक मारून राहिले, अन् तू वाढवतं?"

हे मी बाईंना सांगितलं, तर त्या इतक्या हसल्या की चष्मा उतरवून डोळे पुसावे लागले. पुढे कुणी मोठे पाहुणे प्रयोगशाळा बघायला आले की बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "हिची आई म्हणते ते खरं आहे."

बाईंना माणसांची नावं लक्षात राहायची नाहीत, गावं राहायची. मी उमरेड. काचसामान धुणारा, माध्यमं शिजवणारा आमचा वयस्क मदतनीस काटोल. "ये उमरेड, हे पाहा. काटोल, चहा." बाहेरच्याला वाटावं, इथं एस.टी.चं वेळापत्रक वाचून राहिले. स्वतः त्या वऱ्हाडातल्या कुठल्याशा खेड्यातल्या. आमच्याशी बोलणं तिकडचंच. पण फोनवर डॉक्टर असले की तीच जीभ कडक इंग्रजीत चालायची. मला इंग्रजीची फार धास्ती होती. जंतूंची लांबलचक नावं तोंडात अडकायची. बाईंनी ती माझ्याकडून पाढ्यांसारखी घोकून घेतली. मी अडखळले की म्हणायच्या, "इंग्रजी म्हणजे इस्त्रीचा सदरा हाय वं. बाहेर जाताना घालाचा. घरी कोण घालून बसते?" माझ्या मनातली केवढी मोठी गाठ त्या एका वाक्यानं सुटली, हे त्यांना कधी कळलं नसेल.

त्यांचं सगळ्यात मोठं भांडण फॉर्मलिनशी होतं. शस्त्रक्रियागृहात एक सवय होती. शरीरातून जे काही काढलं जाईल ते फॉर्मलिनच्या बाटलीत टाकायचं, म्हणजे कुजत नाही. गाठ तपासायची असेल तर ते ठीक. पण जंतू शोधायचे असतील तर फॉर्मलिनमध्ये ते जागच्या जागी मरतात. तरी महिन्यातून एकदा तरी हाडाचा तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडून आमच्याकडे यायचाच. बाई ती बाटली घेऊन जिना चढायच्या आणि वॉर्डाच्या दारातून ओरडायच्या, "काहून गा, मारून पाठवता अन् वरून विचारता, जिता हाय का म्हणून?"

शेवटी त्यांनी उपाय काढला. महत्त्वाची शस्त्रक्रिया असली की आपल्या उकळून घेतलेल्या बाटल्या टोपलीत घेऊन त्या स्वतः शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी जाऊन बसायच्या. टोपली भाजीची. काटोल म्हणायचा, "बाई चालल्या बाजाराले."

आता नर्सताईंकडे येते.

त्या भिवापूरकडच्या. तिथल्या आरोग्य केंद्राच्या नर्स. खेड्याखेड्यांतून पायी फिरून बाळंतपणं करायच्या, पोरांना लशी टोचायच्या. चाळिशीच्या पुढे वय. शेताच्या बांधावरून पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आमच्या इस्पितळात सर्जनसाहेबांनी मोडलेला गोळा काढून धातूचा बसवला. त्या काळात नागपुरात हे नवलच होतं. शस्त्रक्रिया छान झाली, टाके सुकले, नर्सताई काठी घेऊन घरी गेल्या.

आणि पाय दुखतच राहिला. ताप नाही, सूज नाही, पू नाही. रात्रंदिवस ठणका. वर्ष उलटलं. सर्जनसाहेबांनी दोनदा एक्स-रे काढला. पहिला चांगला होता. दुसऱ्यात गोळा किंचित ढिला झाल्यासारखा वाटला. साहेब वाईट माणूस नव्हते. हाताचे कुशल, बोलायला तुटक. ते म्हणाले, "ढिला झालाय, बदलून टाकू. पण एवढं दुखायचं कारण नाही. तुम्ही मनाला लावून घेतलंय." सासरी तर लोक उघडच म्हणत होते, कामाचा कंटाळा, वहम आहे, नुसता मनाचा भास.

साहेबांनी नवा सांधा मागवला. या वेळी नुसता गोळा नाही, गोळ्यासोबत तो जिच्यात फिरतो ती वाटीही, असा पुरता कृत्रिम सांधा. नियमाप्रमाणे आधी सुईनं सांध्यातलं पाणी काढून आमच्याकडे पाठवलं. आम्ही ठेवलं. काहीच उगवलं नाही.

बाईंनी मला विचारलं, "तिले काही औषध चालू हाय का?"

मी वॉर्डात गेले. नर्सताई माझ्याच भागातल्या, म्हणून बोलणं लगेच जुळलं. "हो वं बाई," त्या म्हणाल्या, "मीच घेऊन राहिली गोळ्या. नर्स आहो ना. आपल्या कपाटातल्या. त्या घेतल्या का चार दिवस बरं वाटते."

मी हे सांगितलं आणि बाई खुर्चीतून उठल्याच. "बरं वाटते? वहम असता तर जंतू मारायच्या गोळ्यांनी बरं वाटलं असतं का वं?"

बाईंचा संशय तिथून सुरू झाला. जंतुशास्त्राचे डॉक्टर सहसा रोग्याकडे जात नाहीत, त्यांचं काम काचेपाशी. आमच्या बाई मात्र त्याच दुपारी वॉर्डात गेल्या, नर्सताईंच्या खाटेवर पायाशी बसल्या.

"भिवापूर, गोळ्या बंद करा लागते. पंधरा-वीस दिवस. दुखणं वाढंल."

"किती वाढंल, बाई?"

"मले काय माहीत? माझा खुबा थोडीच हाय. पण औषध पोटात असलं का ते जंतू लपून बसतात. बाहेर येऊ दे त्याईले."

नर्सताईंनी गोळ्या बंद केल्या. त्या दिवसांत त्या कशा कण्हायच्या, ते वॉर्डातल्या सगळ्यांनी ऐकलं. बाई रोज जायच्या. घरून आणलेली सांबारवडी नर्सताईंपुढे ठेवायच्या. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. "खा. यात औषध नाई."

मग पुन्हा सुईनं पाणी काढलं. या वेळी नुसत्या बशीत नाही, बाटलीतल्या पातळ माध्यमातही टाकलं. त्याला आम्ही सूप म्हणायचो. चार-पाच दिवस सूप स्वच्छ. नेहमीच्या रिवाजानं एव्हाना बाटली फेकून द्यायची. बाई म्हणाल्या, राहू द्या. पुढच्या आठवड्यात तळाशी धुक्यासारखं काहीतरी दिसलं. ते बशीवर पसरलं आणि उगवली पांढरी.

बाईंनी प्लेट उजेडात धरली. नेहमीचा प्रश्न विचारला. पण या वेळी हात झटकले नाहीत, प्लेट पुन्हा पेटीत ठेवली.

सर्जनसाहेबांनी फोनवर एका वाक्यात निकाल लावला. "मॅडम, पांढरी म्हणजे तुमच्या किंवा माझ्या बोटाची घाण. तुम्हीच आम्हाला हे शिकवता."

खरंच होतं ते. बाईच शिकवायच्या.

आता पेच नीट समजून घ्या, कारण बाईंनी तो मला तसाच समजावून सांगितला होता. पांढरी पाहुणी असेल, तर साहेबांनी खुशाल नवा सांधा बसवावा, नर्सताई महिन्या-दोन महिन्यांत चालतील. पण ती घरची असेल, धातूच्या आडोशाला बिऱ्हाड करून बसलेली असेल, तर नवा सांधाही त्याच कुजक्या घरात जाईल आणि तोही सडेल. मग तिसऱ्यांदा बसवायला हाड उरणार नाही. म्हणजे घरची म्हटलं तर जुना गोळा काढून कित्येक महिने बिनसांध्याचं पडून राहायचं. आणि पाहुणी म्हटलं आणि ते चुकलं, तर आयुष्यभर. पायी फिरणारी बाई, तिचा पाय एका शब्दावर टांगलेला.

बाई स्वतः साहेबांकडे गेल्या. मला सोबत नेलं होतं. म्हणाल्या, "जुना गोळा काढा. नवा त्याच दिवशी बसवू नका. मला आतले तुकडे द्या, चार-सहा वेगवेगळ्या जागांचे. प्रत्येक तुकड्याला नवा चिमटा. एकाच चिमट्यानं सगळे काढले तर एक पाहुणी सगळीकडे जेवून येईल."

साहेब हसले नाहीत. "आणि तोवर? ती बाई सांध्याशिवाय पडून राहील, पायाला वजनं टांगून. मे महिन्यात."

"राहील."

"तुमच्या शब्दावर ठेवतोय, मॅडम."

"ठेवा," बाई म्हणाल्या. जिना उतरताना मात्र त्यांनी कठडा धरला होता. एरवी त्या धरायच्या नाहीत.

शस्त्रक्रियेच्या दिवशी बाई भाजीची टोपली घेऊन दाराशी बसल्या. फॉर्मलिनची बाटली त्यांनी आधीच उचलून आपल्या पदराखाली घेतली होती. आतली नर्स शोधत राहिली, बाई टोपलीतल्या बाटल्या मोजत राहिल्या. तुकडे आले, बाटल्यांत गेले, बाटल्या ऊबदार पेटीत गेल्या.

आणि नागपूरचा मे महिना आला.

जगात सगळीकडे जंतूंची पेटी गरम ठेवायला वीज लागते. पेटीत माणसाच्या अंगाएवढी ऊब हवी. नागपुरात मे महिन्यात उलटं. खोलीच माणसाच्या अंगापेक्षा गरम. पेटीला गरम करता येतं, थंड कसं करणार? बाकी वेळी दोन-तीन दिवसांचं काम असायचं, भागून जायचं. या बाटल्या मात्र दोन आठवडे नीट सांभाळायच्या होत्या. जास्त तापल्या तर आतला जंतू मरायचा आणि आम्ही म्हणायचो, काही नव्हतं.

काटोल कामाला लागला. पेटी उत्तरेच्या खोलीत हलवली. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधल्या, त्यांवर पाणी मारायचं. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून पोत्यात गुंडाळून पेटीच्या दोन बाजूंना ठेवायची. खोलीत वाळ्याचा असा वास सुटला की वरच्या मजल्यावरचे डॉक्टर काही ना काही निमित्त काढून येऊन बसायला लागले. बाई त्यांना हाकलायच्या. "उठा गा. हे माझ्या पांढरीसाठी हाय. तुमच्यासाठी नाई."

काटोल म्हणाला, "बाई, माह्या लग्नात नवरीले इतकी हवा नव्हती घातली."

"म्हणूनच ती तुह्याशी बोलत नाई," बाई म्हणाल्या.

साहेबांचा फोन रोज सकाळी यायचा. "काय म्हणतंय तुमचं सूप?" बाईंचं उत्तर ठरलेलं. "अजून काही नाही म्हणत." फोन ठेवला की त्या माझ्याकडे बघायच्या नाहीत. आठवडा गेला. बाटल्या गाळलेल्या पाण्यासारख्या स्वच्छ. वॉर्डात नर्सताई पायाला वजन लावून पडलेल्या, पाठीला घामोळं, पंखा गरम वारा फेकतोय. मी जाऊन बसले की विचारायच्या, "आलं का वं काही?" मला नाही म्हणताना लाज वाटायची. रोग्यानं जंतू निघावे म्हणून वाट बघावी, असं मी दुसऱ्यांदा कधी पाहिलं नाही.

मग एका सकाळी काटोलनं पेटी उघडली आणि नुसतं "बाई" म्हणाला. एका बाटलीच्या तळाशी धुकं. दुसऱ्या दिवशी दुसरीत. दोन दिवसांत एक सोडून सगळ्या बाटल्या गढूळ. बशीवर पसरलं. सगळ्यांत पांढरी.

मी आनंदानं म्हटलं, "घरची!"

"थांब वं," बाई म्हणाल्या. "आपल्याच घरची नसंल कशावरून? आपण सहा बाटल्या एकाच हातानं उघडल्या."

आणि बाईंनी सगळ्या प्रयोगशाळेची झडती घेतली. काटोलचे हात, माझे हात, स्वतःचे हात, आमची नाकं, टेबल, वाळ्याच्या ताटीचं पाणी, सगळ्यांना कापसाची काडी लावून ती बशीवर फिरवली. काटोलच्या नाकात काडी घातली तेव्हा तो इतक्या जोरात शिंकला की बाई म्हणाल्या, "आता छताचीही तपासणी झाली." पांढरी अर्थात सगळ्यांकडे निघाली. हातोहात, नाकोनाक.

तेव्हा आजच्यासारखी यंत्रं नव्हती. एक पांढरी दुसऱ्या पांढरीची कोण, हे कसं ओळखणार? बाईंनी औषधांच्या चकत्या लावल्या. कागदाच्या लहान चकत्या, प्रत्येकीत वेगळं औषध. ज्या औषधानं जंतू मरतो त्या चकतीभोवती बशीत मोकळं रिंगण राहतं. काटोलची पांढरी एका औषधाला मरायची, दुसऱ्याला नाही. माझी भलत्यालाच. बाईंची पेनिसिलिनला देखील मेली. "साधी हाय बिचारी," बाई म्हणाल्या.

मग नर्सताईंच्या बशा ओळीनं मांडल्या. वेगवेगळ्या जागांचे तुकडे, वेगवेगळे चिमटे. सगळ्यांवर रिंगणं अगदी सारखी, जशी एकाच साच्यातून काढलेली नक्षी. आणि आधी सुईनं काढलेल्या पाण्यातल्या पांढरीचीही तीच नक्षी. आमच्यापैकी कुणाशीही जुळत नव्हती.

बाईंनी पट्टी लावून एकेक रिंगण मोजलं. मग खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "एकदा येते तो पाहुणा. दर वेळी घरात सापडते तो घरचा. माणूस असो का जंतू."

साहेबांना त्यांनी फोन केला नाही, बोलावून घेतलं. साहेब आले, बशांवरून एकेक करून नजर फिरवली. शेवटची बशी खाली ठेवली. म्हणाले, "म्हणजे माझ्या शस्त्रक्रियेच्या वेळीच आत गेली असणार."

बाई म्हणाल्या, "कोणाच्या हाताची ते या बशीत लिहिलेलं नाही. कोणाच्याही हातची असेल. आपण सगळे तिचंच घर आहोत." त्या वेळी त्या साहेबांशी एरवीसारख्या इंग्रजीत बोलल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.

नर्सताईंना सांगायला साहेब निघाले, तर बाई म्हणाल्या, "मी येते." आम्ही तिघं वॉर्डात गेलो. या बाईला सांगायचं होतं की नवा सांधा एवढ्यात नाही. कित्येक महिने इंजेक्शनं, मग पुन्हा तपासणी, मग पुन्हा शस्त्रक्रिया, आणि तेही जंतू पूर्ण गेले तरच.

बाईंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. नर्सताई छताकडे बघत ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे जंतू होते?"

"होते."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासूनच असतील."

"म्हणजे माहा वहम नव्हता, बाई?"

"नव्हता. कधीच नव्हता."

नर्सताई रडायला लागल्या. आम्हाला वाटलं, सांधा गेला म्हणून. मी त्यांचा हात धरला, तर त्या रडता रडता हसत होत्या. "मले वाटे मीच म्याट झाली," त्या म्हणत होत्या. "वर्षभर वाटे, दुखतच नाई, मीच ढोंग करून राहिली. नवऱ्यालेबी म्हटलं, मले पागलखान्यात नेऊन घाल." मग एकदम साहेबांकडे वळून म्हणाल्या, "साहेब, एवढं एक लिहून द्या. घरी दाखवीन."

साहेबांनी तिथंच मान खाली घालून लिहून दिलं. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. पुढे दहा-बारा वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं. दुखतं म्हणणाऱ्या कुठल्याही रोग्याला ते मनाचं आहे असं म्हणाल्याचं मी पुन्हा ऐकलं नाही.

पावसाळा इंजेक्शनांत गेला. दिवाळीनंतर पुन्हा शस्त्रक्रिया झाली, नवा सांधा बसला. त्या वेळीही बाई टोपली घेऊन दाराशी होत्याच. तुकडे आले, पेटीत गेले. हिवाळा, त्यामुळे बर्फ लागला नाही. दोन आठवडे झाले, तीन झाले, सूप स्वच्छ. एरवी निर्मळ बाटली म्हणजे बाईंना संशय. या वेळी त्या बाटल्या त्यांनी टेबलावर मांडून ठेवल्या आणि चहा पिता पिता बघत बसल्या. काटोल विचारायचा, "फेकू का बाई?" त्या म्हणायच्या, "राहू दे ना गा. छान दिसतात."

त्याच हिवाळ्यात बाई निवृत्त झाल्या. निरोप-समारंभात भाषण करायला त्यांनी नकार दिला. नव्या प्रमुख डॉक्टर आल्या, हुशार आणि चांगल्या. इंग्रजी सदरा चोवीस तास घालणाऱ्या. पण प्लेट उजेडात धरली की मी मनात विचारायचेच. आणि एकदा चुकून मोठ्यानं विचारलं, तर पलीकडे काच धुणारा काटोल मागे वळून न पाहता म्हणाला, "पाहुणीच असंल."

बाई पुढच्या वर्षी गेल्या. झोपेतच. मला कळलं तेव्हा सगळं आटोपून गेलं होतं. माझ्यासारख्या किती पोरींना त्यांनी माणसात उभं केलं, त्यातल्या कितीजणी त्या दिवशी तिथं होत्या, मला माहीत नाही. मी नव्हते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, बसस्टँडवर.

नर्सताईंना घरी सोडायचा दिवस होता तो. इस्पितळाची गाडी मिळत होती, पण त्यांनी हट्ट धरला, मी एस.टी.नंच जाईन. रोज एस.टी.नंच फिरायचं आहे, तर आज काहून नाही? भिवापूरची गाडी उमरेडवरूनच जाते, म्हणून मीही सुट्टी घेऊन सोबत निघाले. निवृत्त झालेल्या बाई महाल भागातल्या घरून रिक्षा करून आल्या होत्या. हातात सांबारवडीचा डबा.

गाडी लागली. एस.टी.ची पहिली पायरी किती उंच असते तुम्हाला माहीत आहे. धडधाकट माणसालाही गुडघा छातीशी न्यावा लागतो. लोक घुसायला लागले. कंडक्टर ओरडला, "चला बाई, आटपा लवकर!"

"थांब गा," बाईंनी त्याला दटावलं. "सगळी गाडी थांबंल. तिले चढू दे."

आणि काय नवल, रांग खरंच थांबली. नर्सताईंनी काठी माझ्याकडे दिली. दांडा धरला. चांगला पाय आधी वर ठेवला. मग क्षणभर तशाच थांबल्या, कारण आता खालच्या पायाच्या नव्या सांध्यावर रेटा देऊन सगळा भार उचलायचा होता. मागे बाई उभ्या होत्या. चालायला शिकणाऱ्या लेकराच्या मागे आई धरते तसे त्यांनी दोन्ही हात नर्सताईंच्या पाठीमागे धरले होते. लावले नव्हते, नुसते धरले होते, चार बोटं अंतर ठेवून.

नर्सताई वर चढल्या. दुसरी पायरी, तिसरी, आत. मी मागून चढले, खिडकी धरली. त्या बाईंना हाक मारत होत्या, "येजा भिवापूरले! येजा बरं!" घंटी वाजली, गाडी हलली. खाली धूळ आणि धुराचा लोट उठला. त्यात बाई उभ्या होत्या, गाडी होती त्या रिकाम्या जागेकडे बघत, दोन्ही हात अजून तसेच वर धरून.